लिप पाइक नक्की कशात 'पहिला' होता? मुलीच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय त्याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी असा समजलोय. मुलगी सातवीत आहे, शाळेत चरित्राचं प्रोजेक्ट आहे आणि तिने लिपमन ('लिप') पाइक हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन बेसबॉल खेळाडू निवडलाय. नेटवर एका ठिकाणी तो 'जगातला पहिला प्रोफेशनल बेसबॉल खेळाडू' आहे, दुसरीकडे 'पहिला ज्यू प्रोफेशनल', तिसरीकडे 'पहिल्या काही प्रोफेशनल्सपैकी एक', आणि टीचरने सांगितलंय की एक काहीतरी नक्की करून आण. त्यात होम रनचे आकडे साइटगणिक बदलतायत. घोड्याबरोबर शर्यत लावली ही गोष्ट खरी की थाप, हेही विचारलंय. आणि शेवटी, जरा बिचकत, १८८१ मध्ये त्याच्यावर आलेल्या बंदीचा भाग लहान मुलीच्या प्रोजेक्टमध्ये घालावा की नको.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी न्यू जर्सीत एकवीस वर्षं आहे, नोकरी वेगळी, पण सीझनमध्ये शाळांच्या बेसबॉल मॅचेसचं स्कोअरिंग करतो आणि हिवाळ्यात जुने पेपर चाळून १८६०-७० च्या मॅचेसचे स्कोअर उतरवून घेतो. पाइक १८६७ मध्ये इकडच्या अर्विंग्टन टीमकडून खेळला, तिथून माझा त्याच्याशी संबंध जुळला आणि मग सुटला नाही.

'पहिला कोण' याचं उत्तर साइटवर का सापडत नाही ते आधी मुलीला समजावा, कारण प्रोजेक्टमधली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट तीच आहे. १८६० च्या दशकात बेसबॉल क्लबांची एक राष्ट्रीय संघटना होती आणि तिच्या नियमात खेळाडूला पैसे द्यायला चक्क बंदी होती. खेळ हा सभ्य लोकांनी संध्याकाळी व्यायाम म्हणून खेळायचा, अशी कल्पना. पण प्रेक्षक तिकीट काढून यायला लागले, त्यावर पैजा लागायला लागल्या, आणि क्लबांना जिंकायचं होतं, मग चांगला खेळाडू दुसऱ्या गावाहून आणायचा तर त्याला काहीतरी द्यावं लागणारच ना. मग ते मागच्या दाराने द्यायचे. कुणाला नावापुरती नोकरी, कुणाला तिकिटांच्या पैशात वाटा, कुणाला 'भेट'. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स टीममागे तर शहराच्या राजकारणातला बडा माणूस, बॉस ट्वीड, उभा होता आणि तिथले खेळाडू महापालिकेच्या पगारपत्रकावर असायचे, काम मात्र बेसबॉल.

आता विचार करा, जो पगार नियमाने देताच येत नाही त्याची पावती कोण ठेवणार? म्हणून 'पहिला पगारी खेळाडू' हे कागदावर सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा पिचर (बॅट्समनला बॉल टाकणारा) जिम क्रेटन याला १८६० च्या सुमारास गुपचूप पैसे मिळत असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात, तो बिचारा १८६२ मध्ये एकविसाव्या वर्षी गेला. मग अल रीच आहे, ब्रुकलिनहून १८६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्सकडे गेला तो पैशासाठीच. दोघंही पाइकच्या आधीचे.

मग पाइकचं नाव का पुढे येतं? कारण त्याचं प्रकरण उघड झालं. १८६६ मध्ये तो अ‍ॅथलेटिक्सकडे आला, वय एकवीस, आणि त्याला व आणखी दोघांना आठवड्याला २० डॉलर दिले जातात असा आरोप झाला. संघटनेच्या न्यायसमितीपुढे सुनावणी लागली. सुनावणीला कुणी फिरकलंच नाही आणि प्रकरण तसंच मिटलं. सगळ्यांनाच माहीत होतं की सगळेच देतायत. पुढे १८६९ च्या सीझनपासून संघटनेने प्रोफेशनल खेळाडूंना परवानगीच देऊन टाकली आणि त्याच वर्षी सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्सने अख्खी टीम उघडपणे पगारी केली. म्हणजे पाइकच्या सुनावणीनंतर तीनच वर्षांत चोरून चालणारी गोष्ट राजरोस झाली.

मी स्वतः एकदा इथल्या वाचनालयात बोलताना 'पहिला प्रोफेशनल' असं ठामपणे सांगितलं होतं, आणि समोर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे विचारलं, मग रीचचं काय? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी वाक्य असं लिहितो: 'पगार घेऊन खेळणाऱ्या पहिल्या पिढीतला खेळाडू, आणि त्या पिढीतला पहिला ज्ञात ज्यू स्टार.' मुलीला हेच वाक्य वापरू द्या, टीचरने विचारलं तर प्रत्येक शब्दाचं कारण तिला देता येईल.

त्यातला 'ज्ञात' हा शब्द काढू नका हं. स्कोअरकार्डवर धर्म कुणी लिहीत नसे, आणि नुसत्या आडनावावरून अंदाज बांधले तर हमखास चुकतं, माझेही चुकलेत. पाइकच्या बाबतीत मात्र पुरावा पक्का आहे. जन्म २५ मे १८४५, न्यूयॉर्क, घराणं मूळचं हॉलंडचं ज्यू, वडील इमॅन्युएल यांचा पुरुषांच्या कॉलर, टाय, बटणं असल्या वस्तूंचा धंदा. लहानपण ब्रुकलिनमध्ये गेलं. तेराव्या वर्षी बार मित्स्वा झाला, म्हणजे मुलगा धर्माच्या दृष्टीने जाणता झाला तो विधी, आणि त्यानंतर आठवड्याभरात मोठा भाऊ बोअॅझ याच्याबरोबर तो पहिल्यांदा मॅचच्या नोंदीत दिसतो असं सांगतात. गेल्यावर अंत्यविधी रब्बींनी केला आणि दफनही ज्यू दफनभूमीत झालं. जन्मापासून मरणापर्यंत धागा सलग आहे.

आता होम रन. इथे आकड्यांपेक्षा खेळ कसा होता ते आधी समजून घ्या, नाहीतर मुलगी '१८७७ मध्ये लीगमध्ये सर्वात जास्त होम रन, एकूण ४' असं लिहील आणि वर्गातली पोरं म्हणतील चार म्हणजे काय मोठं. आजचा होम रन म्हणजे बॉल कुंपणाबाहेर आणि बॅट्समन आरामात पळतोय. तेव्हा बऱ्याच मैदानांवर जवळ कुंपणच नसायचं, किंवा इतकं लांब असायचं की बॉल तिथवर पोचायचा नाही. बॉल दोन फील्डरांच्या मधून लांब गेला की तो परत येईपर्यंत चारही बेस (मैदानावरचे चार ठरलेले टप्पे) पळून काढायचे, तर होम रन. म्हणजे जोर पाहिजे आणि त्याहून जास्त पाय पाहिजेत. पाइक डावखुरा, फटका जोरदार, आणि पळण्यात त्या काळातल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंमधला एक. म्हणून त्याच्या होम रनचा आणि त्या घोड्याच्या गोष्टीचा संबंध आहे, दोन्ही एकाच गुणातून आलेत. हे बहुतेक साइटवर सुटं सुटं लिहिलेलं असतं.

१६ जुलै १८६६ ची मॅच तुम्हाला सापडली असेलच, अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध अलर्ट क्लब, पाइकचे सहा होम रन, त्यातले पाच लागोपाठ. खरी आहे. फक्त शेजारी स्कोअर लिहायला सांगा: ६७-२५. बॉल खांद्याखालून, हात खाली ठेवून टाकायचा, पिचर फक्त ४५ फुटांवर, आणि बॉल कुठे पाहिजे हे बॅट्समन सांगू शकायचा. शिवाय समोरची टीम कमकुवत. म्हणून सहा होम रन खोटे ठरत नाहीत, पण आजच्या सहा होम रनसारखे तोलता येत नाहीत. त्याच काळातल्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढे होता ते बघायचं, हा माझा स्कोअर वाचायचा साधा नियम. तसं बघितलं तर १८७१, १८७२, १८७३ आणि १८७७ अशा चार वर्षी तो होम रनमध्ये लीगमध्ये सर्वात वर आहे, १८७१ मध्ये दुसऱ्यांबरोबर विभागून. ट्रॉयच्या टीमकडून त्या वर्षी २८ मॅचेस, ४ होम रन, आणि बॅटिंग सरासरी ०.३७७ (म्हणजे दर हजार संधींत ३७७ यशस्वी फटके). आजचा सीझन १६२ मॅचेसचा असतो हे लक्षात घ्या.

आणि साइटगणिक एकूण आकडे का बदलतात, तर १८७१ ते १८७५ जी लीग होती, नॅशनल असोसिएशन, तिला 'मेजर लीग' (सर्वोच्च दर्जाची लीग) धरायचं नाही असं १९६९ मध्ये एका समितीने ठरवलं. पाइकची सगळ्यात चांगली वर्षं नेमकी त्याच लीगमध्ये गेली! ट्रॉय, मग दोन वर्षं बाल्टिमोर, मग हार्टफर्ड, मग सेंट लुइस. नॅशनल लीग १८७६ ला सुरू झाली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. काही साइट दोन्ही लीग मिळवून आकडे देतात, काही फक्त १८७६ पासून. एकीवर होम रन वीसच्या आसपास आणि दुसरीवर अगदीच थोडे दिसले तर कुणी चुकलेलं नाही, मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. प्रोजेक्टमध्ये वर्षवार तक्ता करा आणि लीगचं नाव बाजूच्या रकान्यात लिहा, मग भांडणच नाही.

ट्रॉयच्या आधीची एक मॅच मात्र जरूर घाला, तक्त्यात ती येणार नाही म्हणून सांगतोय. १४ जून १८७०, ब्रुकलिनचं कॅपिटोलिन ग्राउंड्स. वर सांगितलेली सिनसिनाटीची पगारी टीम देशभर फिरून सगळ्यांना हरवत आली होती, एक वर्षभर आणि वर आणखी कोणी त्यांना हरवू शकलं नव्हतं. समोर ब्रुकलिनची अटलांटिक्स, आणि सेकंड बेसवर (दुसऱ्या बेसजवळच्या फील्डिंगच्या जागी) आपला पाइक. नऊ इनिंग संपल्या तेव्हा ५-५. अटलांटिक्सचे लोक बरोबरी मानून मैदान सोडायला तयार होते, सिनसिनाटीचा कॅप्टन हॅरी राइट म्हणाला नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं. अकराव्या इनिंगमध्ये सिनसिनाटीने दोन रन काढून ७-५ केलं, आणि अटलांटिक्सने उलट तीन काढून ८-७ ने मॅच घेतली. मी हा रिपोर्ट किती वेळा वाचलाय सांगता येणार नाही, दर वेळी राइटच्या त्या 'नाही'पाशी थांबतो. तो हो म्हणाला असता तर त्यांची हार न पत्करण्याची मालिका तशीच राहिली असती.

सेकंड बेसवर डावखुरा माणूस, हेही मुलीला दाखवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याला तिथून पहिल्या बेसकडे फेकणं सोपं, डावखुऱ्याला अख्खं अंग वळवावं लागतं, आज त्या जागी डावखुरा तुम्हाला दिसणारच नाही. पाइक तिथे खेळला, पुढे मात्र बहुतेक वर्षं आउटफील्डला, सेंटर फील्डला गेला, तिथे त्याचे पाय कामी आले. आणि हे सगळं उघड्या हातांनी, ग्लोव्ह नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, बंदीच्या वेळी लागणार आहे.

घोड्याची गोष्ट खरी आहे. १६ ऑगस्ट १८७३, बाल्टिमोरचं न्यूइंग्टन पार्क, घोड्याचं नाव क्लॅरेन्स, अंतर १०० यार्ड. क्लॅरेन्स हा दुडक्या चालीने धावणारा शर्यतीचा घोडा होता, चौखूर उधळणारा नव्हे, हा फरक चित्रात दाखवायला सांगा, कारण पोरं डर्बीतला घोडा काढून मोकळी होतात. घोड्याला २५ यार्ड मागून सुरुवात दिली, तो पळत पाइकच्या रेषेपाशी आला की पाइकने सुटायचं. म्हणजे घोडा वेगात आणि माणूस उभ्याचा सुटतोय. शेवटी घोड्याने चाल मोडून चौखूर उधळी घेतली तरी पाइक चार यार्डांनी जिंकला, बक्षीस २५० डॉलर. वेळ १० सेकंद सांगतात, तेव्हाची हातातली घड्याळं आणि मैदान धरून तो आकडा मी ढोबळच मानतो, पण शर्यत आणि जिंकणं पक्कं.

यातली एक गोष्ट मला खूप दिवस लक्षात आली नव्हती. कॅलेंडर काढून बघितलं तर तो दिवस शनिवार येतो. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा काम न करायचा दिवस. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, हे मराठी माणसाला सांगायला नको. पाइक मात्र शनिवारी पैजेची शर्यत पळाला, शनिवारी मॅचेस खेळला. पुढच्या काळात सँडी कोफॅक्स या ज्यू पिचरने १९६५ मध्ये योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वात पवित्र दिवशी वर्ल्ड सिरीजची मॅच सोडली ती गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि लोक ती चौकट उचलून मागे पाइकवर बसवतात. तसं करू नका. कामगारांना सुट्टी शनिवारी दुपारी, नॅशनल लीगमध्ये रविवारी खेळायला बंदी, मग पगारी खेळाडूने शनिवार सोडला तर त्याने खायचं काय? तो ज्यू म्हणून जन्मला, ज्यू म्हणून पुरला गेला, मधली तीस वर्षं त्याने शनिवारी काम केलं, हे तिन्ही खरं आहे.

आता बंदी. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच साइटवाले सगळ्यात जास्त घाई करतात. १८७८ नंतर पाइक मोठ्या लीगमधून बाहेर पडला होता. १८८१ मध्ये वूस्टर नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या टीमने त्याला बोलावलं, वय छत्तीस, टीम त्या वर्षी तळाला. तो पाच मॅचेस खेळला, बॅटिंग ०.१११. ३ सप्टेंबरला बॉस्टनविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये त्याच्या हातून फील्डिंगच्या तीन चुका झाल्या, त्यातून दोन रन गेले आणि मॅच ३-२ अशी हातची गेली. क्लबने आरोप केला की त्याने मुद्दाम सोडली. महिना संपायच्या आत नॅशनल लीगने काही खेळाडूंची काळी यादी काढली, त्यात पाइकचं नाव.

स्कोअरर म्हणून माझं म्हणणं असं. एका इनिंगमध्ये तीन चुका वाईटच, पण उघड्या हातांच्या त्या काळात स्कोअरकार्डवर चुकांचा रकाना आज बघणाऱ्याला धक्का बसेल इतका भरलेला असायचा. छत्तीस वर्षांचा, खेळाबाहेर राहून आलेला माणूस, पाय पूर्वीसारखे नाहीत, त्याच्याकडून असं होऊ शकतं. नुसत्या स्कोअरवरून 'मुद्दाम' हे कधीच कळत नाही, मी आजच्या शाळेच्या मॅचमध्येही तसं लिहायला धजणार नाही. दुसरं, ती काळी यादी मॅच विकणाऱ्यांची नव्हतीच, तिचं कारण म्हणून व्यसनं आणि बेशिस्त असं दिलं होतं. तिसरं, आणि मला हेच सर्वात वजनदार वाटतं: मॅच विकल्याचं सिद्ध झालं की तेव्हाची लीग काय करायची ते आपल्याला ठाऊक आहे. १८७७ मध्ये लुइव्हिलच्या चार खेळाडूंवर आयुष्यभराची बंदी आली आणि ती कधीही उठली नाही. त्यातला जॉर्ज हॉल तर १८७० च्या त्या अटलांटिक्सच्या मॅचमध्ये पाइकबरोबर खेळलेला. पाइकची बंदी मात्र १८८३ मध्ये उठली.

यावरून तो निर्दोष होता असं मी म्हणत नाहीये. पैजांचा काळ होता, त्याच्या आजूबाजूला पैसे घेणारे लोक होते. पण 'मॅच फिक्स केल्याबद्दल बंदी' असं एका ओळीत लिहिणं चूक आहे. 'क्लबने आरोप केला, लीगने काळ्या यादीत टाकलं, दोन वर्षांनी काढलं', एवढं लिहा. आणि हो, जरूर लिहा. ज्याला १८६६ मध्ये पैसे घेतले म्हणून बोलावलं होतं त्यालाच १८८१ मध्ये खेळ विकला म्हणून बोल लागला, सातवीतल्या मुलीला हे व्यवस्थित समजतं, आणि लपवलं तर टीचर पहिल्या सर्चमध्ये शोधून काढेल.

नंतरचं थोडक्यात सांगतो. वडिलांसारखंच त्याने ब्रुकलिनमध्ये पुरुषांच्या कपड्यांच्या किरकोळ वस्तूंचं दुकान टाकलं, तिथे बेसबॉलवाल्यांचा अड्डा असायचा. मधून मधून अंपायरिंग केलं. १८८७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सकडून एक, फक्त एक मॅच खेळला. १० ऑक्टोबर १८९३ ला हृदयविकाराने गेला, वय ४८. अंत्यविधीला ब्रुकलिनमधले प्रतिष्ठित ज्यू आणि जुने बेसबॉलवाले दोन्ही आले होते. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंची मानाची यादी) जुन्या खेळाडूंचं मतदान झालं त्यात त्याला एक मत पडलं. ते एक मत मला दर वेळी भिडतं, त्रेचाळीस वर्षांनी कुणीतरी आठवण ठेवून नाव लिहिलं. हॉल ऑफ फेममध्ये तो नाही, आंतरराष्ट्रीय ज्यू क्रीडा हॉल ऑफ फेममध्ये १९८५ पासून आहे.

टीचरसाठी पटकन लागेल ते एकदा परत: 'पहिल्या पिढीतला प्रोफेशनल, पहिला ज्ञात ज्यू स्टार', आकड्यांच्या बाजूला लीगचं नाव, ६७-२५ हा स्कोअर आणि दुडक्या चालीचा घोडा विसरू नका, बंदीबद्दल तीनच गोष्टी, आरोप, यादी, सुटका.

आणि कबरीचा फोटो स्वतः काढायचा असेल तर पाइकची कबर ब्रुकलिनमध्ये सेलम फील्ड्स दफनभूमीत आहे, तुम्हाला तिकडून ट्रेननेही जाता येईल. ऑफिसात नाव सांगून जागा विचारा, नाहीतर आत शोधत बसाल. फुलं नेऊ नका, तिथे कबरीवर लहानसा दगड ठेवायची पद्धत आहे, मुलीला घरातून एक घेऊन यायला सांगा. फक्त शनिवारी जाऊ नका, शनिवारी बंद असतं.